थंडीच्या तोंडावर कोरडी, खाजरी त्वचा आणि एक्झिमा : काय लावायचं, किती, कधी

पळसफूल

ऑक्टोबरचा उकाडा सरला की विदर्भ, मराठवाडा, खानदेशात हवा बघता बघता कोरडी होते. ज्यांना एक्झिमा (इसब) आहे त्यांचं दुखणं नेमकं याच काळात उसळतं, आणि मग घराघरात दरवर्षीचे तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून या विषयाची माहिती असलेल्यांनी एका जागी लिहावं यासाठी हा धागा. सुरुवात मी करते.

आधी हे का होतं ते बघू. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात सपाट पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये चरबी. ही चरबी आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू बाहेर. एक्झिमा असलेल्या बऱ्याच जणांत हा थर जन्मतःच कच्चा असतो. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष याला कारणीभूत असतात हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. थर कच्चा, त्यात हवा कोरडी, त्यात कढत पाण्याची आंघोळ. पाणी उडतं, बारीक चिरा पडतात, चिरांतून त्रासदायक गोष्टी आत शिरतात, खाज येते, खाजवलं की चिरा वाढतात. हे चक्र तोडायचं तर पहिलं काम थर दुरुस्त करण्याचं. औषधी मलम त्यानंतर.

आंघोळीचा क्रम असा ठेवावा :

पाणी कोमट. कोपर बुडवून ना गार ना गरम वाटेल इतपतच. थंडीत कढत पाणी अंगावर घेतलं की खाजेला घटकाभर बरं वाटतं, पण ते त्वचेतली चरबी धुऊन नेतं आणि अर्ध्या तासात खाज दुप्पट होऊन परतते. एक बादली, पाच ते दहा मिनिटं, बस्स. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. हात, पाय, पाठ, पोट यांना रोज साबणाची गरज नसते. घासणी, वजरी, काथ्या यांतलं काहीही एक्झिमाच्या जागेवर नको.

टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. त्वचा दमट असतानाच, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं. त्यासाठी डबा न्हाणीघरातच ठेवा. कपडे घालून, केस पुसून, चहा घेऊन मग लावलं तर तोवर पाणी उडून गेलेलं असतं आणि मलम कोरड्या त्वचेवर नुसतं बसतं.

लावताना हात वरून खाली, लव ज्या दिशेला वळते त्या दिशेने. उलट चोळलं तर केसांच्या मुळांत मलम कोंबलं जातं आणि पुळ्या येतात.

आता सर्वांत महत्त्वाचं, प्रमाण. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एकदा लावायला साधारण ३० ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा म्हणजे ६० ग्रॅम, आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास. लहान मुलाला आठवड्याला १२५ ते २५० ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ती नुसती नावाला लावली जात आहे. "सगळं लावून बघितलं, काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा गडबड इथे असते.

---

मलमपट्टी

पळसफूल, प्रमाणाचा मुद्दा आधी आणलात ते फार बरं केलंत. दुकानात गिऱ्हाईक बाटलीचा वास घेऊन बघतं. पाहायला हवी ती मागची घटकांची यादी. त्याबद्दल लिहितो.

लोशनमध्ये पाणी जास्त, तेलकट भाग कमी. दमट हवेला ठीक, पण नागपूर-परभणीच्या जानेवारीत ते तासाभरात उडून जातं. क्रीम मधलं. ऑइंटमेंटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच, चिकटतं, पण पाणी अडवण्यात सर्वांत पुढे. साधी पांढरी पेट्रोलियम जेली दमट त्वचेवर लावली तर त्वचेतून उडणारं पाणी ती जवळपास पूर्ण अडवते. तिला वास नाही, त्यामुळे झोंबायला कारण नाही, आणि खिशालाही परवडते. एक लक्षात ठेवा, जेली स्वतः पाणी देत नाही, असलेलं अडवते. त्यामुळे सुक्या अंगावर लावून फार काही होणार नाही.

यादीत काय शोधावं? ग्लिसरीन, व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लाइट लिक्विड पॅराफिन, सिरॅमाइड. जाड, खरखरीत त्वचेला युरिया १० टक्के किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड. पण चिरलेल्या किंवा ओल्या जागेवर ही दोन्ही सणसणून झोंबतात, आणि लहान मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत. काय टाळावं? सुवास. "हर्बल" लिहिलेल्या बाटलीतही सुवास असतोच, आणि चंदन, गुलाब, लिंबू यांची सुगंधी तेलं एक्झिमाला चांगलीच डिवचतात.

साबणाबद्दल थोडं. वेष्टनावर "टीएफएम ७६ टक्के" असतं, ते साबणातल्या स्निग्ध भागाचं प्रमाण. असा ग्रेड १ साबण अंग कमी कोरडं करतो हे खरं, पण तोही अल्कलीच. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) ९ ते १०, त्वचेचा ५ च्या आसपास. पारदर्शक ग्लिसरीन साबणही बहुतेक अल्कलीच असतो. एक्झिमासाठी "सिंडेट बार" किंवा "सोप-फ्री क्लिन्झर" मागावा, ज्याचा पीएच साडेपाचच्या जवळ असतो. आणि आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक द्रवाचं झाकण ओतायची सवय सोडा. जंतू मरतील न मरतील, त्वचा मात्र नक्की भाजते.

डब्यात बोटं घालू नका. स्वच्छ कोरड्या चमच्याने हवं तेवढं तळहातावर काढा. ओली बोटं बुडवलेला डबा पंधरवड्यात जंतूंचं घर होतो.

---

कातळशिल्प

कोकणातलं चित्र थोडं वेगळं. आमच्याकडे हवा सहसा दमट, त्यामुळे अंगभर सुकण्यापेक्षा ओठ, टाचा, नडग्या फुटतात. सिंधुदुर्गात यावर मुठेल वापरतात, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. घट्ट गोळे मिळतात. ते साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणून बोटाने घासून नीट पसरत नाही. चमच्यात घेऊन समईच्या ज्योतीवर किंवा गरम पाण्याच्या वाटीत धरायचं, पातळ झालं की कोमट असताना भेगेत सोडायचं. थंड होताच तिथेच थिजतं आणि भेग बंद करतं. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग टिपून मुठेल, वर सुती मोजे. ज्योतीवरून थेट भेगेत ओतू नका, चटका बसतो. आधी मनगटावर थेंब टाकून बघा.

भेग खोल असेल, रक्त येत असेल तर आधी कडेची जाड झालेली कातडी उतरवावी लागते, नाहीतर वर काहीही लावलं तरी चालताना ती पुन्हा फाटते. पाय भिजल्यावर प्युमिस दगडाने हलक्या हाताने, एका दिशेला, दिवसाआड. मधुमेह असेल तर दगड, ब्लेड काही नाही, थेट डॉक्टर.

खोबरेल तेल चांगलंच. एक्झिमा असलेल्या मुलांवरच्या चाचणीत घाण्याचं शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलेलं आहे. पण दमट हवेत पाठीवर, छातीवर थापलं तर घामोळं आणि पुळ्या येतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हातापायांपुरतं ठेवावं.

---

चंद्रकळा

दोन प्रश्न. दिवाळीत तेल आधी लावतात आणि मग उटणं लावून आंघोळ. एक्झिमा असताना हा क्रम चालतो का? आणि खोबरेल सोडून कुठलं तेल? सोलापूरकडे करडई सहज मिळते, काही घरांत मोहरीचं तेल वापरतात.

---

पळसफूल

तेल आधी लावलेलं चालतं, उलट पाण्याने आणि साबणाने होणारं नुकसान त्यामुळे कमी होतं. मात्र आंघोळीनंतरचं मॉइश्चरायझर त्याने सुटत नाही. दोन्ही करा.

उटण्याचं म्हणाल तर, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल, मुलतानी माती हे सगळं भरडलेलं आणि सुवासिक. निरोगी कातडीला एक दिवस काही होत नाही. लाल, चिरलेल्या जागेवर ते खरखरीत कण घासायचे आणि वर माती असलेलं तेलही शोषून घेणार, हे नको. नरक चतुर्दशीला उटणं लावायचंच तर दुधात किंवा सायीत पातळ कालवून, न घासता, चांगल्या जागेवर बोटभर लावून धुवावं.

तेलांत फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. लिनोलिक आम्ल जास्त असलेली तेलं थराला मदत करतात, ओलेइक आम्ल जास्त असलेली तो सैल करतात. जुन्या वाणांच्या करडईत आणि साध्या सूर्यफुलात लिनोलिक भरपूर, म्हणून ती चांगली. ऑलिव्ह तेल महाग असलं तरी त्यात ओलेइक भरमसाट, एक्झिमाला नको. मोहरीच्या तेलाने चुरचुर होते आणि थराची भरपाई लांबते, तान्ह्या बाळाला तर नाहीच. शेंगदाणा तेलही बाळाच्या फुटलेल्या त्वचेवर टाळावं, कारण कातडीवाटे शेंगदाण्याची ओळख झाली की पुढे अ‍ॅलर्जी जडू शकते.

---

उंबरठा

शतधौत घृताचं काय? आयुर्वेदात यासाठीच सांगितलेलं आहे.

---

मलमपट्टी

मॉइश्चरायझर म्हणून ते नीट बनवलेलं असेल तर चांगलं. तांब्याच्या परातीत गाईचं साजूक तूप, त्यात पाणी घालून तांब्याच्याच लोट्याच्या बुडाने फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, असं शंभर वेळा. तूप पांढरं, गुळगुळीत होतं, वास जवळजवळ जातो. होतं काय, तर तुपात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकून क्रीम तयार होतं. लावताच गार वाटतं ते त्या पाण्यामुळे.

अडचण टिकण्याची. पाणी आहे आणि टिकवणारं काही नाही, म्हणून ते लवकर खवट होतं, बुरशीही येते. ५० ग्रॅमच्या वर एकदम करू नका, फ्रिजमध्ये ठेवा, वास बदलला की टाका. आणि पू किंवा पिवळी खपली असलेल्या जागेवर ते औषध म्हणून पुरत नाही.

---

निफाडची_पहाट

मेडिकलमधून मिळणाऱ्या ट्यूबांबद्दल कुणीतरी स्पष्ट लिहा. गावात खाज म्हटली की एकच ट्यूब देतात, दोन दिवसांत आराम पडतो, महिन्याने दुप्पट पसरतं.

---

मलमपट्टी

लिहितो, आणि हे शक्य तितक्या लोकांपर्यंत पोचवा.

त्या ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात. एक जोरकस स्टेरॉइड (बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन), एक बुरशीवरचं, एक-दोन जंतूंवरची. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण ती खाज गजकर्णाची असेल तर स्टेरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी खाली मोकाट पसरते. चट्ट्याचा आकार बदलतो, कडा पुसट होतात, मग डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. भारतात सध्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीचा जोर आहे. तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. तेव्हा अंदाजाने ट्यूब लावणं आता पूर्वीपेक्षा जास्त महागात पडतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी विकली जातात. ट्यूबवर लाल रेघ आणि घटकांत "-सोन" किंवा "-सॉल" ने संपणारं नाव दिसलं तर थांबा आणि विचारा. ("-झोल" वेगळं, ते बहुधा बुरशीचं.)

गजकर्ण की एक्झिमा? गजकर्णाची कड उंच, लाल, बारीक पुटकुळ्यांची, मध्य बरा होत जाणारा, आणि जांघ, कंबर, नितंब या जागा. एक्झिमाची कड धूसर, दोन्ही बाजूंना सारखा, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळग्यांत. नक्की करायचं तर चट्ट्याच्या कडेची साल खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्वस्त तपासणी आहे, दहा-पंधरा मिनिटांत कळतं. खरूजही विसरू नका : रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, आणि घरात दोघा-तिघांना एकदम. तिचं औषध अख्ख्या घराने एकाच दिवशी लावायचं असतं.

---

बाळगुटी

वरचं वाचून लोक स्टेरॉइडला इतके घाबरतात की खऱ्या एक्झिमालाही लावत नाहीत, आणि बाळ रात्ररात्र खाजवत राहतं. तेही तितकंच चूक. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरल्या दिवसांपुरतं स्टेरॉइड हे एक्झिमाचं मुख्य औषध आहे.

ताकद जागेनुसार ठरते. चेहरा, मान, जांघ, लंगोटाची जागा इथे कातडी पातळ, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का किंवा डेसोनाइड यांसारखं सौम्य. हातापायांना मध्यम. तळहात-तळपायाला जोरकस लागू शकतं. क्लोबेटासॉल चेहऱ्यावर कधीही नाही. कुठलं ते डॉक्टर ठरवतील, मोजायचं कसं ते घरच्यांना यायला हवं : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या अख्ख्या हाताला दीड पेर, पायाला दोन. लाल, खरखरीत जागेवरच लावायचं, बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा, सपाट आणि मऊ होईपर्यंत. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांत पंधरा ते तीस मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं.

वारंवार उलटणाऱ्या जागी डॉक्टर पुढे आठवड्यातून दोनच दिवस लावायला सांगतात, किंवा टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम देतात (दोन वर्षांवरील मुलांना ०.०३ टक्के). टॅक्रोलिमस पहिले काही दिवस चुरचुरतं. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवून लावली तर कमी झोंबतं. त्या चुरचुरीला घाबरून चौथ्या दिवशी बंद करणारे पुष्कळ.

तान्ह्यांसाठी थोडक्यात : डाळीचं पीठ, कणकेच्या गोळ्याने लव काढणं, टाल्कम पावडर बंद. नखं आठवड्यातून दोनदा कापा. आतला कपडा सुती, लोकर त्याच्यावर. नवे कपडे धुऊनच घाला.

गालावरच्या पांढुरक्या डागांना "कॅल्शियम कमी" किंवा "जंत" म्हणून औषधं देतात. ते सौम्य एक्झिमाचे डाग असतात, थंडीत सुकल्यावर उठून दिसतात. कोड नव्हे. मॉइश्चरायझर आणि उन्हापासून आडोसा, काही महिन्यांत रंग भरतो. आपल्या रंगाच्या कातडीवर एक्झिमा लाल दिसेलच असं नाही, करडा किंवा जांभळट दिसतो, म्हणून "लाल नाही म्हणजे सौम्य" असं समजू नका. हात फिरवून बघा, खरखर बोटांना आधी कळते.

---

चंद्रकळा

पथ्याचं? वांगं, मासे, आंबट, दूध, अंडी सगळंच बंद करायला सांगतात. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईचंही.

---

बाळगुटी

चंद्रकळाताई, सरसकट बंद करू नका. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी असं होत असेल तर त्या पदार्थाची तपासणी करून घ्या. नुसत्या रक्ताच्या आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) अहवालात दहा नावांपुढे आकडा आला म्हणजे दहा अ‍ॅलर्जी असा अर्थ नसतो, त्याने फक्त शरीराची त्या पदार्थाशी ओळख असल्याचं कळतं. दूध-अंडी तोडलेल्या मुलांचं वजन खुंटतं आणि एक्झिमा तिथल्या तिथेच राहतो. आईचं पथ्य तर बाळंतपणाच्या अशक्तपणात भर घालतं. लसीही वेळेवर द्याव्यात.

---

रांधणघर

हातांचा एक्झिमा वेगळा लिहायला हवा, कारण थंडीत भांडी, कपडे, पीठ मळणं चालूच असतं आणि मलम टिकत नाही.

भांड्यांचा बार किंवा जेल थेट घासणीवर घेऊ नका, वाटीभर पाण्यात चमचाभर विरघळवा. हातमोजे रबरी किंवा व्हिनाइलचे, आत पातळ सुती मोजे, एकावेळी वीस मिनिटांच्या आत. आत घाम आला की उलटाच परिणाम. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली साबण साचतो. हात धुतला की प्रत्येक वेळी टिपून लगेच क्रीम, म्हणून एक छोटी ट्यूब ओट्यावर, एक मोरीपाशी.

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांचीच टोकं फुटत असतील तर लसणाचा संशय घ्या. उजव्या हातात सुरी धरणारा लसूण त्याच तीन बोटांत धरतो. त्यातलं डायअलिल डायसल्फाइड रबरी मोज्यातूनही आरपार जातं, म्हणून मोजा घालून भागत नाही. सोलणं-चिरणं दुसऱ्याकडे द्या किंवा न चिरता खलबत्त्यात कुटा. तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो का बघा. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात : पाठीवर पट्ट्या, ४८ तासांनी काढून वाचन, पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी. तेवढे दिवस पाठ ओली करायची नाही.

---

शिवारफेरी

शेतावर, रस्त्याकडेला काम करणाऱ्यांचं एक दुखणं यात हमखास मिसळतं. गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात या गवताची भारतातली पहिली नोंद झाली, आता कुठल्याही पडीक जागेत दिसतं. त्यातलं पार्थेनिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं पानांच्या लवेतून, सुक्या चुऱ्यातून हवेत उडतात. चेहरा, मान, कोपराचे खळगे खाजरे, जाड, काळपट होतात.

एक्झिमापासून ओळखायचं कसं? गवताचा त्रास मोठेपणी सुरू होतो, उघड्या जागी असतो, पावसाळ्यात गवत फुललं की भडकतो. उन्हाच्या अ‍ॅलर्जीपासून ओळखायचं तर वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा, कानामागे बघा. तिथे ऊन पोचत नाही, धूळ पोचते.

फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला फडकं. सुकलेलं पेटवू नका. ज्याला ही अ‍ॅलर्जी आहे त्याने उपटायला जाऊच नये. घरी आल्यावर कपडे बाहेर उतरवा, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा, अंघोळ करून मगच मॉइश्चरायझर. आणि अशा माणसाला शेवंतीही सोसत नाही बऱ्याचदा, कारण कूळ एकच. हार करणाऱ्यांनी, मार्गशीर्षातल्या पूजेची फुलं निवडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

---

टेम्सकाठ

परदेशातल्यांसाठी. इकडे बाहेर हवा दमट दिसली तरी हीटर लावलेली खोली सुकी ठणठणीत असते. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. त्याहून वर नेऊ नका, भिंतींना बुरशी आणि गादीत धुळीचे किडे वाढतात. हीटर १८ अंशांच्या आसपास पुरतो, झोपताना त्याहून कमी.

लंडनच्या बाजूचं पाणी जड. सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) बसवावा का, असं नेहमी विचारलं जातं. एक्झिमा असलेल्या मुलांवर इंग्लंडमध्येच यावर चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला, सॉफ्टनरमुळे एक्झिमात फरक पडला नाही.

---

पळसफूल

हे बोअरवेल आणि टँकरवाल्या सोसायट्यांनाही लागू. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा थर अंगावर राहतो. यंत्रावर पैसे घालण्याआधी साबण कमी करून सिंडेट वापरून बघा, आणि कपडे शेवटी एकदा जास्तीचे खळबळा.

---

उंबरठा

घरातल्या वृद्धांच्या नडग्यांबद्दल कुणी लिहिलेलं नाही. ऐंशीच्या पुढे हे फार दिसतं.

---

निफाडची_पहाट

म्हातारपणी तेलग्रंथी मंदावतात, त्यात शेकोटी आणि कढत पाणी. नडग्यांवर तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा जाळीदार भेगा दिसतात. आंघोळ दिवसाआड, मधल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसणं, आणि दिवसातून तीनदा जाड मलम. बहुतेकांना एवढ्याने दोन आठवड्यांत उतार पडतो.

पण अंगावर काहीच पुरळ नाही आणि सर्वांगाला खाज आहे, तर तो कोरडेपणा म्हणून सोडून देऊ नका. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, साखर, रक्तातल्या पेशी यांच्या तपासण्या करून घ्या. चालू गोळ्यांची यादीही दाखवा, लघवीच्या गोळ्यांनीही त्वचा सुकते.

दोन धोके. मलम लावून न्हाणीघराची फरशी घसरडी होते, तेव्हा पायांना लावायचं ते बाहेर बसवून लावा. दुसरा आगीचा. पॅराफिन असलेलं मलम, पेट्रोलियम जेली, तेल कपड्यांत, चादरीत, बँडेजमध्ये मुरतं आणि असा कपडा झपाट्याने पेट घेतो. धुतल्यावरही पूर्ण निघत नाही. शेकोटी, चूल, निरांजन, विडी यांच्याजवळ त्या कपड्यांत जाऊ नये.

---

बाळगुटी

डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं ते कधी, हे लिहून ठेवते. जागा ओली होऊन मधासारखी पिवळी खपली धरू लागली, पू आला, आसपास गरम आणि सूज आली : जंतुसंसर्ग. एकसारख्या बारीक, टाचणीने टोचल्यासारख्या फोडांचे घोस, दुखणारे, सोबत ताप : नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, एक्झिमा असलेल्या मुलांत हा झपाट्याने पसरतो, रात्र काढू नका. डोळ्याजवळ असेल तर आणखी घाई. घरात कुणाच्या ओठावर ताप उठून फोड आले असतील तर त्याने एक्झिमावाल्या बाळाचा मुका घेऊ नये.

ओल्या, पाझरणाऱ्या जागेवर जेली थापू नका, आत पाणी कोंडतं. मऊ सुती फडकं साध्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, दहा मिनिटं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. पाझर थांबला की मग मलम. पोटॅशियम परमँगनेट डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पाणी फिकट गुलाबी दिसेल इतकंच, आणि एकही खडा न विरघळलेला राहता कामा नये. जांभळं झालं तर ते भाजतं.

---

मलमपट्टी

डॉक्टरांकडे जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा न्या, रिकाम्यासुद्धा. "पांढरी ट्यूब, हिरवं झाकण" यावरून काही कळत नाही. चट्टा भडकलेला असताना मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप राहते. खरवडून तपासणी होण्याची शक्यता असेल तर त्या जागेवर आधीचे काही दिवस बुरशीचं मलम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही तपासणीत सापडत नाही. त्या सकाळी तिथे तेल-जेलीही नको. आणि मेडिकलमधलं कुठलं मलम किती दिवस लावलं ते खरं सांगा. महिनोन्‌महिने जोरकस स्टेरॉइड लावलेलं असेल तर ते एकदम तोडलं की चेहरा लाल होऊन जळजळतो, ते टप्प्याटप्प्याने कसं कमी करायचं हे डॉक्टर आखून देतात.